उतारावर नखं काळी पडायची, त्याचा इलाज

वडोदरा सपाट. सयाजीबागेला कितीही फेऱ्या मारा, चढ म्हणून फार तर एखादा पूल. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीच्या डाउन रनसाठी, म्हणजे पीटरमारिट्झबर्ग ते डर्बन अशा उताराकडच्या साधारण ९० किमी धावेसाठी, आमचा सराव जवळच्या पावागड डोंगरावर. चढताना दम लागतो, तो लागणारच. त्रास उतरताना. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी!

अर्धा नंबर मोठे बूट घेतले, कारण तासन्‌तास धावून पाय सुजतात. तरी पाय पुढे सरकायचाच. खरा उपाय फुकटचा निघाला. बुटाला घोट्याजवळ दोन्ही बाजूंना एकेक जादा भोक असतं, बहुतेक जण ते मोकळंच सोडतात. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकात बाहेरून आत घालून छोटा फासा ठेवायचा, समोरच्या नाडीचं टोक त्यातून काढायचं, दोन्ही टोकं खाली ओढून गाठ मारायची. टाच जागेवर बसते, बोटं आपटत नाहीत. फार आवळलंत तर पायाला मुंग्या येतील, एवढंच.

नखं सरळ आडवी कापायची, उतारावर पावलं आखूड टाकायची. आई म्हणते, "देवीच्या डोंगरावर पळतं का कुणी?" तिला काय सांगणार! काळं नख मात्र उपटू नका; माझं खालून नवं आल्यावर आपसूक गळलं.