पूल पाडणारेत? मग पोकलेन यायच्या आधी एवढं करून घ्या

जुना पूल पाडायचं ठरलं की अख्ख्या गावाला तो एकदम आठवायला लागतो, स्टेटसला फोटो पडतात, मग पोकलेन येतो आणि चार दिवसांत विषय संपतो. आमच्याकडे असंच झालं, कठड्याचे घडीव दगड ज्यावर बसून तीन पिढ्यांनी गप्पा हाणल्या ते कुठल्यातरी रस्त्याच्या भरावात गेले, आणि आम्ही विचारायला गेलो तर ठेकेदार म्हणतो, "आधी सांगायचं ना राव." त्याचंही खोटं नव्हतं.

तर पुलाचा एखादा तुकडा आठवण म्हणून जपायचा असेल, तर पहिलं काम कागदाचं. पूल सरकारी म्हणजे त्याचा दगड न् लोखंडही सरकारी, आणि पाडल्यावर निघणारा माल कुणाचा हे बहुतेक वेळा निविदेतच ठरतं, ठेकेदाराने भंगाराची किंमत धरूनच रेट भरलेला असतो. म्हणून निविदा निघायच्या आधी ग्रामसभेचा किंवा नगरपालिकेचा ठराव करून बांधकाम विभागाला अर्ज द्या आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. अर्जात "पुलाचे अवशेष जपावेत" असं मोघम लिहिलंत तर काही होणार नाही. कोनशिला, गावाकडच्या पहिल्या कमानीचा कळीचा दगड (माथ्यावर मधोमध बसवलेला), कठड्याचे सलग 10 फूट, गर्डरचा (लोखंडी तुळईचा) रिव्हेटवाला एक तुकडा, असं मोजून लिहा.

हाव मात्र नको. लंडनचा जुना पूल 1209 ला पूर्ण झालेला, 1831 मध्ये नवा झाल्यावर तो पाडला, आणि त्याच्यावर पावसापाण्यात थांबायला जे दगडी कोनाडे होते त्यातले मोजकेच आज उरलेत. दोन व्हिक्टोरिया पार्कमध्ये, एक गाय्ज हॉस्पिटलच्या आवारात, तिथे आत बाकावर कीट्स कवीचा ब्राँझचा पुतळा बसवलाय आणि लोक त्याच्या शेजारी जाऊन बसतात. अख्खा पूल जपला असता तरी एवढं प्रेम मिळालं नसतं बहुतेक. बसता येईल, टेकता येईल असा तुकडा आधी धरायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच सगळे विसरतात. खांबावरच्या पुराच्या खुणा! सांगलीचा 1929 चा आयर्विन पूल अजून उभा आहे, पण तिथल्या माणसाला विचारा पूल म्हणजे काय, तो आधी पुलापाशी नदीचं पाणी किती फुटांवर तेच सांगेल, 40 ला इशारा, 45 ला धोका. तुमच्याही पुलावर पट्टी असेल, नाहीतर कुणीतरी रंगाने ओढलेली रेघ असेल. तो दगड नुसता उचलून बागेत ठेवला तर त्या रेघेला काही अर्थच उरत नाही. म्हणून पाडायच्या आधी सर्व्हेवाल्याला बोलावून लेव्हल लावून त्या रेघेची उंची जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून (उंची ठाऊक असलेल्या, न हलणाऱ्या खुणेपासून) मोजून घ्या, आणि नंतर दगड त्याच उंचीवर बसवता आला तर उत्तमच, नाही जमलं तर तेवढ्या उंचीवर शेजारच्या भिंतीवर खूण करा.

मग नंबर टाकणं. कमान किंवा कठडा परत जुळवायचा असेल तर आधी समोरून, मागून, वरून फोटो काढा, फोटोत टेप दिसू दे, त्या फोटोवर नंबर लिहा आणि तेच नंबर दगडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला ऑइल पेंटने टाका, खडूने नको, एका पावसात जातो. लंडनचा तो 1831 चा पूलसुद्धा 1968 मध्ये 24,60,000 डॉलरला विकला गेला आणि अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात 1971 ला परत उभा राहिला तो असाच, दगडादगडावर नंबर टाकून. आतून मात्र तो काँक्रीटचा आहे, जुना दगड फक्त बाहेरून लावलाय. आपल्यालाही आत काँक्रीट घ्यायला लाज वाटायचं कारण नाही, फक्त बोर्डावर तसं खरं लिहा.

उचलताना अंदाज चुकतो. काळा दगड घनमीटरला पावणेतीन टनाच्या आसपास भरतो, म्हणजे दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच चिरासुद्धा दीडशे किलोच्या वर जातो, चार पोरं बोलावून होणारं काम नाही, हायड्रा क्रेन सांगा आणि पट्ट्याने उचला, साखळीने कडा फुटतात. लोखंडावर जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, गॅस कटरचा धूर बेक्कार, कापायच्या जागेवरचा रंग आधी केमिकलने काढून घ्या, कोरडं घासत बसू नका, आणि पोरांना लांब ठेवा.

जागा नदीजवळच हवी, पण निळ्या पूररेषेच्या (नकाशावर आखलेली पुराच्या पाण्याची हद्द) आत काही बांधायच्या भानगडीत पडू नका, परवानगीही मिळणार नाही आणि पहिल्या पुरात जाईलही. सांधे चुन्याने भरा, सिमेंटने नको. दगडाला चकाचक ऑइल पेंट तर अजिबात मारू नका, हा आपला राष्ट्रीय रोग आहे. लोखंडाला प्रायमर, रंग, आणि पाणी साचेल तिथे खाली भोक. अजून एक, उभा एकटा दगड ठेवलात तर वर्षभरात त्याला शेंदूर लागेल, मग तो पुलाचा राहणार नाही, त्यामुळे दोन-तीन दगड जोडून आडवे ठेवा.

बोर्डावर पूल कुठे होता, कधी बांधला, कधी पाडला आणि हा तुकडा त्यातला नेमका कुठला, एवढंच पुरे, सोबत जुना एक फोटो. उद्घाटनाला आलेल्यांची नावं लावायचा आग्रह होणारच, त्यांच्यासाठी वेगळी फरशी करा आणि ती मागच्या बाजूला लावा.