एमजीबीचा सिल आणि जॅकची जागा

इंग्लंडमध्ये लेस्टरमधल्या गॅरेजात माझी १९७२ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उभी आहे. टायर बदलायला गाडीसोबतचा मूळ जॅक दाराखालच्या सॉकेटमध्ये घातला, दोन-तीन फेरे दिले आणि ‘कर्रर्र’! गाडी तशीच, जॅकच वर सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्यात, घुसला. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर पत्रा पापडासारखा. वरून रंग मात्र चकाचक. आधीच्या मालकाने आत फायबरग्लास थापून ठेवलं होतं.

या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे सिल कापताना खरी भीती गाडी मधोमध वाकण्याची. बॅटरी आणि कार्पेट काढलं. दार बसवलेलं असतानाच त्याच्याभोवतीच्या फटी मोजून घेतल्या, मग दार काढून चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्ड केला. बाहेरचा सिल कापल्यावर कळलं की आतला उभा पत्रा आणि खालची कंगोरेदार पट्टीही गेलीय. तिन्ही नवीन घातले. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. दार दर टप्प्याला लावून बघायचो. कंटाळवाणं काम, पण मागची फट फक्त दोन मिलिमीटर हलली. शेवटी आत पातळ मेण फवारलं. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवली, ही गोष्ट लोक हमखास विसरतात.

सॉकेट नवं आहे, तरी तिथून आता उचलत नाही. पुढे क्रॉसमेंबरखाली (पुढच्या चाकांमधल्या आडव्या भक्कम भागाखाली) लाकडी ठोकळा ठेवून ट्रॉली जॅक (चाकांवरचा हायड्रॉलिक जॅक), मागे ॲक्सलखाली. चाकाला हात लावण्याआधी गाडीखाली आधाराचे स्टँड. मूळ जॅक डिकीत पडून आहे, शोभेला.