निळा बाण, पांढरी वाट: दक्षिण इंग्लंडात माउंटन बाइक घेणाऱ्या नव्या मंडळींसाठी

रेडिंग, स्लाऊ, स्विंडन या पट्ट्यात दर वर्षी पुण्या-नाशिकहून नवीन मुलंमुली नोकरीला येतात. बऱ्याच जणांनी तिकडे सिंहगड चढलेला असतो, वेताळ टेकडीवर सायकल घातलेली असते. पहिल्या उन्हाळ्यात हौसेने माउंटन बाइक घेतली जाते आणि दिवाळीनंतर ती शेडमध्ये जाऊन बसते. दरवेळी कारण तेच असतं. चुकीच्या वाटेवर कुणीतरी हटकलं, नाहीतर चुकीच्या मोसमात चिखलाने चाक धरलं, आणि मन उडालं. हे सहज टाळता येतं, म्हणून लिहितोय.

आधी वाटांचा कायदा, कारण आपल्याकडे असं काही नसल्यामुळे तो डोक्यातच येत नाही. इथली बहुतेक जमीन खाजगी आहे आणि तुमचा हक्क फक्त ठरलेल्या वाटेपुरता असतो. खांबावरचा बाण पिवळा असेल तर ती फुटपाथ, म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा असेल तर ब्रायडलवे. तिथे घोडा, माणूस आणि सायकल तिघांना मुभा. जांभळट बाण रिस्ट्रिक्टेड बायवेचा, म्हणजे मोटारींना बंदी असलेल्या वाटेचा, आणि लाल बाण सगळ्या वाहनांना खुल्या बायवेचा. दोन्हीकडे सायकल चालते. सायकलवाल्यांना ब्रायडलवेचा हक्क 1968 च्या कायद्याने मिळाला, पण एका अटीवर: पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. फुटपाथवर सायकल घातली तर पोलिस धरत नाहीत, पण जमीनमालक तुम्हाला परत पाठवू शकतो, आणि तेव्हा तो बरोबर असतो.

फोनमधल्या नेहमीच्या नकाशावर या वाटांमधला फरक कळत नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, नारिंगी कव्हरचा, 1:25,000 चा. त्यात हिरव्या छोट्या तुटक रेघा म्हणजे फुटपाथ, लांब तुटक रेघा म्हणजे ब्रायडलवे. त्याच नकाशावर पिवळसर रंगाने दाखवलेली ओपन ॲक्सेस जमीन असते. ती बघून नवीन माणूस खूश होतो, पण 2000 च्या कायद्याने तिथे फिरायचा जो हक्क दिला आहे तो पायी चालणाऱ्यांना आहे, सायकलला नाही. स्कॉटलंडने 2003 मध्ये कायदा करून सायकलवाल्यालाही जबाबदारीने कुठेही जायची मोकळीक दिली. माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे, आणि इंग्लंडनेही कधीतरी ते करायला हवं. तोवर निळा बाण पाळायचा.

आता माती. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्या दिसायला मवाळ आहेत, पण त्यांचा पृष्ठभाग तीन तऱ्हांचा आहे: खडू (म्हणजे मऊ पांढरा चुनखडक), चिकणमाती आणि वाळू. बर्कशायर डाउन्स, चिल्टर्न्स आणि साउथ डाउन्स या टेकड्या खडूच्या. उन्हाळ्यात ती पांढरी वाट डांबरासारखी टणक असते. ऑक्टोबर उजाडला की तीच ओली होते, वर लाळेसारखा पांढरा थर येतो आणि उतारावर ब्रेक लावला की पुढचं चाक सरळ निसटतं. आमच्या ओळखीतला नाशिकचा एक मुलगा नोव्हेंबरमध्ये अशाच उतारावर पडला. हासळीचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च आला नाही, पण नोकरी नवी, प्रोबेशन चालू, कंपनीची पगारी आजारपणाची रजा अजून लागू झालेली नव्हती. सरकारी किमान भत्त्यावर लंडनजवळचं घरभाडं भागवताना त्याची बचत संपली. म्हणून पुन्हा सांगतो, ओल्या खडूवर उतरू नका. उतार साधा दिसला तरी नाही, बरोबरचा इंग्रज सुसाट गेला तरी नाही. तो लहानपणापासून त्या मातीत पडत आलेला असतो. आणि नोकरीच्या करारात आजारपणाच्या रजेचं कलम काय आहे ते बाइक घ्यायच्या आधी वाचा.

टेकड्यांच्या पायथ्याची चिकणमाती पावसाळी दिवसांत टाळाच. ती टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरत नाही आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मग हिवाळ्यात जायचं कुठे? वाळूवर. ब्रॅकनेलजवळच्या स्विनली फॉरेस्टची जमीन रेताड आहे, पाणी झरझर मुरतं. तिथे सायकलसाठीच बांधलेल्या वाटा आहेत: हिरवी नवशिक्यांची, निळी मधली, लाल अवघड. सिंहगड चढलेल्यांनीसुद्धा निळीने सुरुवात करावी. दम असणं वेगळं आणि वळणावर सायकल टाकता येणं वेगळं. दुसरी जागा सरे हिल्सची. लीथ हिल 294 मीटरची, तिच्या शेजारी होमबरी आणि पिच हिल, आणि मध्ये पीसलेक हे गाव, जिथे सुट्टीच्या सकाळी चिखलाने माखलेल्या सायकली दुकानाबाहेर टेकलेल्या असतात. रेडिंगहून नॉर्थ डाउन्स लाइनच्या गाडीने गॉमशॉलला उतरलात की पाइनचं रान जवळच आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

मे ते सप्टेंबर मात्र खडूचे. आणि इथे मला आपल्या लोकांबद्दल बोलायचंय. बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी आली की चार गाड्या भरून लांब उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टला जायचं, अर्धा दिवस पार्किंग शोधायचं आणि फोटो काढून परत यायचं. घरापासून ट्रेनने थोड्याच अंतरावर पाच हजार वर्षं वापरात असलेला रस्ता आहे, तो वर्षानुवर्षं राहूनही पाहिलेला नसतो. तो रिजवे. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनपर्यंत 87 मैल. ओव्हर्टन हिल ते स्ट्रीटली हा पश्चिमेकडचा अर्धा भाग सायकलला खुला आहे. थेम्सच्या पूर्वेकडे मध्येमध्ये फुटपाथ लागतात, तिथे नकाशाशिवाय जाऊ नका. पहिल्या फेरीसाठी गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशनला उतरा, पूल ओलांडा आणि पश्चिमेकडे चढा. आधी डांबरी गल्ली लागते, मग पांढरी वाट. वर आलात की दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं, डोक्यावर चंडोल आणि घिरट्या घालणाऱ्या लाल घारी. वाट चुकली असं वाटलं तर खांबावर ओकच्या फळाचं चिन्ह शोधा. पुढे कधीतरी अफिंग्टनचा पांढरा घोडा गाठा. तीन हजार वर्षांपूर्वी टेकडीवर कोरून त्यात खडू भरलेला, शंभर मीटरहून लांब. वर पाण्याचे नळ मोजके आहेत, म्हणून तीन लिटर पाणी घरूनच न्या. लॅम्बोर्नच्या आसपास शर्यतीच्या घोड्यांच्या सरावाचे हिरवे पट्टे दिसतील. ते कितीही मऊ आणि मोकळे दिसले तरी त्यावर सायकल घालायची नाही.

साउथ डाउन्स वे विंचेस्टर ते ईस्टबर्न, 100 मैल. ईस्टबर्नजवळ वाट फुटते तिथे समुद्रकाठची वाट पायी चालणाऱ्यांची, आपली जेव्हिंग्टनवरून जाणारी. एकही टेकडी 300 मीटरची नाही, म्हणून सह्याद्रीवाले हसतात. पण चढउतार संपतच नाहीत आणि एकूण चढाई चार हजार मीटरच्या आसपास जाते. एकाच दिवसात करायच्या भानगडीत पडू नका. ॲम्बर्ली आणि साउथीझ ही स्टेशनं वाटेलगतच आहेत, तुकड्यातुकड्याने करता येतो.

घोडा दिसला की काय करायचं ते नीट शिकून घ्या. मागून येत असाल तर लांबूनच वेग कमी करा आणि बोला. नुसतं 'हॅलो, मागून सायकल आहे' इंग्रजीत म्हटलं तरी पुरे. माणसाचा आवाज घोड्याला ओळखीचा असतो; चाकाचा आवाज अचानक कानाशी आला तर तो बिचकतो. स्वार हात करेल तेव्हाच पुढे जा, हळू आणि लांबून. वासरं असलेल्या गायींमधून तर उतरून, मोठा वळसा घेऊन चालत जा. फाटक जसं सापडलं तसंच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. आणि ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. इथली माणसं ट्रेनमध्ये मान वर करत नाहीत, पण वाटेवर प्रत्येक जण 'मॉर्निंग' म्हणतो. आपण गाणी लावून गेलो की ते बोलणं तिथेच थांबतं.

बाइक घेताना दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली स्वस्त बाइक घेऊ नका. ती जड असते आणि मागचे सांधे लवकर खिळखिळे होतात. या टेकड्यांना फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल पुरते. सेकंडहँड घेणार असाल तर फ्रेम नंबर बाइकरजिस्टर या सायकलनोंदणीच्या वेबसाइटवर तपासा, चोरीची निघायची शक्यता खरी असते. सायकल टू वर्क योजनेत कर वाचतो, पण ती पगारातून कापली जाते. व्हिसाला किमान पगाराची अट असेल तर त्यावर काय परिणाम होईल ते एचआरला लेखी विचारा. टायर ट्यूबलेस करून घ्या. शेताचं कुंपण 1 मार्च ते 31 ऑगस्ट छाटायला बंदी असते, म्हणून सप्टेंबरपासून शेतकरी ते छाटतात आणि वाटेवर हॉथॉर्नचे काटे पसरतात. गारगोट्यांची धार टायरच्या कडेला चीर पाडते; आतून लावायला जाड ठिगळ जवळ ठेवा.

घरी आल्यावर गुडघ्यामागे गोचीड बघा. गोल लाल चट्टा उठला तर डॉक्टरकडे जा. रान असलेल्या दरीत फोनला रेंज कमी असते, म्हणून आधीच इंग्रजीत 'रजिस्टर' हा शब्द 999 या आपत्कालीन क्रमांकावर एसएमएस करून नोंदणी करा. मग अडचणीत एसएमएसनेही मदत मागता येते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवे बरोबर हवेतच. खेड्यातल्या पबमध्ये चिखलाच्या बुटांना सहसा कुणी हरकत घेत नाही, पण बऱ्याच ठिकाणी अडीचनंतर स्वयंपाकघर संध्याकाळपर्यंत बंद असतं. दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू पाठीवरच्या पिशवीत असू द्या.