जुन्या लष्करी रायफलीवरचे ठसे वाचताना या चुका टाळा

जुनी रायफल दाखवायला आणणाऱ्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "हिच्यावर १९४१ आहे, म्हणजे ही १९४१ची." एक ठसा सापडला की माणूस वाचायचं थांबवतो, आणि फसगत तिथेच सुरू होते.

रायफलीवरची साल पुष्कळदा एकाच भागाची असते. फिनलंडच्या एम३९ रायफली दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, पण त्यांतल्या कित्येकींचा रिसीव्हर (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो धातूचा मधला भाग) झारच्या रशियातून आलेला आहे. नळीवर १९४१ असतं. लाकूड उतरवून रिसीव्हरच्या शेपटीखाली पाहिलं तर तिथे १८९०च्या दशकातली साल निघते. दोन्ही साली खऱ्या. नळीवर चौकटीतलं 'एसए' दिसलं, तर ती फिनिश सैन्याच्या मालकीची होती हेही कळतं. म्हणून लाकूड उतरवल्याशिवाय मी मत देत नाही. "नुसतं वरून बघून सांगा" म्हणणाऱ्याला मी नाहीच म्हणतो.

दुसरी चूक 'मॅचिंग', म्हणजे सगळ्या भागांवर एकच क्रमांक, या शब्दावर भाळण्याची. एका ओळखीच्या तरुणाने जर्मन माउझर के९८के आणली होती. रिसीव्हरवर 'बीवायएफ ४४', म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, १९४४. सगळे क्रमांक जुळतात म्हणून त्याने चढी किंमत मोजली होती. मी भिंग लावलं. रिसीव्हरवरचा क्रमांक ठशाने उमटवलेला होता, बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा) मात्र इलेक्ट्रिक पेन्सिलने कोरलेला, आणि त्याच्या शेजारी बोल्टचा मूळ, वेगळाच क्रमांक अजून स्पष्ट दिसत होता. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला छोटी फुली होती. सोव्हिएत सैन्याने ताब्यात घेतलेली ही रायफल. अशा रायफली त्यांनी खोलल्या, दुरुस्त केल्या, हाताशी आलेले भाग पुन्हा जोडले, रिसीव्हरचा क्रमांक त्या भागांवर कोरला आणि कोठारात ठेवून दिल्या. म्हणजे क्रमांक जुळत होते, पण ते नंतर जुळवलेले होते. मी त्याला हेही सांगितलं की यात खोटं काही नाही, हा तिचा खराखुरा इतिहास आहे, फक्त किंमत त्या हिशोबाने द्यायला हवी होती.

महिनाभराने तो पुन्हा आला. फुली घासून टाकली होती, कोरलेले आकडे पुसले होते, बोल्टवर नव्या ठशांनी क्रमांक मारला होता आणि वर ताजं काळं ब्लूइंग, म्हणजे धातूवर चढवलेला काळसर थर. आकड्यांच्या कडा बोटाला टोचत होत्या. जर्मन ठसे शाबूत होते, तरी आता त्या रायफलीवरच्या कशावरच विश्वास ठेवता येईना. मला आजही त्याचं वाईट वाटतं. घाई नसती, तर तिचा खरा इतिहास तिच्यावर तसाच राहिला असता.

जपानी सैन्याच्या अरिसाका रायफलींचंही असंच होतं. १९४५च्या शरणागतीच्या वेळी हजारो रायफलींवरचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह घासून टाकलं गेलं. आता काही लोक ते पुन्हा कोरतात. ते ओळखायला रिसीव्हरवर तिरपा उजेड पाडा. फूल जर खोलगट भागात बसलेलं असेल, तर आधी धातू घासला गेलाय.

लाकडाला सँडपेपर लावू नका. कधीच नाही. स्वीकृतीचे आणि दुरुस्तीचे शिक्के त्या वरच्या पातळ थरातच असतात. मी मऊ सुती फडकं आणि जवसाच्या तेलाचे दोन थेंब एवढंच वापरतो.

भारतातल्या ईशापूर कारखान्याच्या ली-एन्फील्ड रायफलीवर 'जीआरआय' (राजा जॉर्जची आद्याक्षरं) दिसलं की नवशिके खोटी म्हणून मोकळे होतात. शेवटचा 'आय' सम्राटपदाचा आहे, तो तिथे असायलाच हवा. तसंच ईशापूरचीच ७.६२ मिमी काडतुसाची '२ए' रायफल ही जुनी .३०३ काडतुसाची रायफल बदलून केलेली नाही. ती १९६०च्या दशकात नव्याने बनवलेली आहे.

खैबर खिंडीतल्या कारागिरांनी ब्रिटिश मार्टिनी रायफलींच्या केलेल्या नकलांवर मुकुट आणि 'व्हीआर' (व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं) असतं, पण खाली साल १९०३. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१मध्येच वारली होती. इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला असेल, तर पुढे पाहायची गरज नाही.

टोकाला टोक लावलेले दोन बाण म्हणजे रायफल ब्रिटिश सैन्याच्या सेवेतून विकली गेली. ती सजावट नव्हे. 'डीपी' हा ठसाही सजावट नव्हे: तो असलेली रायफल म्हणजे कवायतीपुरती उरलेली, गोळी झाडण्यासाठी बाद केलेली रायफल. आणि बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला, तर जाणकार बंदूक-कारागिराने गेज लावून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) मोजेपर्यंत तीत काडतूस भरू नका. माझ्याकडे अशा रायफलीच्या ट्रिगर-गार्डला लाल चिठ्ठी बांधलेली असते, आणि तपासणी झाल्याशिवाय मी ती सोडत नाही.