आधी नेम, मग जागा, मग धनुष्य: डंजन्स अँड ड्रॅगन्समधला धनुर्धारी कसा घडवावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यात धनुर्धारी घ्यायचं ठरलं की खेळाडू आधी धनुष्याचं विचारतो. कोणतं घेऊ, केवढ्याला मिळतं, जादूचं कधी हाती येईल? प्रश्न बरोबर आहे, पण तो तिसरा. पहिला प्रश्न नेम किती वेळा लागतो हा, आणि दुसरा उभं कुठे राहायचं हा. हे दोन सुटले की साधं धनुष्यसुद्धा पाचव्या लेव्हलपर्यंत (कॅरेक्टर चढत जातं त्या पायऱ्या) आरामात पुरतं.

खालचे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण आमच्या टेबलावर तेच चालतात. २०२४ च्या नियमांत जिथे मोठा फरक पडतो तिथे तसं सांगतो.

कॅरेक्टर बांधताना

कॅरेक्टरच्या सहा गुणांना वाटायचे तयार आकडे असतात १५, १४, १३, १२, १० आणि ८. त्यातला १५ डोळे झाकून डेक्स्टेरिटीला (चपळाई) द्या. १४ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा), कारण लांब उभा राहिला तरी मार कधीतरी बसतोच. १३ विस्डमला (समज). वुड एल्फ हा वंश घेतला तर डेक्स्टेरिटीत २ वाढतात आणि वेग ३५ फूट मिळतो. हाफलिंगलाही तेच २ मिळतात, पण तो पडला बुटका, आणि लाँगबो (मोठं धनुष्य) जड हत्यारात मोडतो. त्यामुळे त्याला प्रत्येक बाणावर डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो, म्हणजे वीसचे दोन फासे टाकून कमीचा धरायचा. हाफलिंगच खेळायचा असेल तर शॉर्टबो (लहान धनुष्य) घ्या. (२०२४ मध्ये उंचीची ही अट गेली. तिथे डेक्स्टेरिटी किमान १३ हवी, एवढंच.)

क्लासचं, म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाचं, म्हणाल तर फायटर किंवा रेंजर. रोग (Rogue) हा क्लासही चांगला, पण त्याचा खेळ लपाछपीचा, तो वेगळा विषय. आर्चरी ही फायटिंग स्टाइल फायटरला पहिल्याच लेव्हलला मिळते, रेंजरला दुसऱ्या. तिने हल्ल्याच्या रोलवर, म्हणजे नेमासाठी टाकलेल्या वीसच्या फाशावर, २ वाढतात. ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून हिशोब करून बघा. वुड एल्फच्या १७ डेक्स्टेरिटीचे ३, प्रॉफिशिअन्सीचे (हत्यार येत असल्याचे) २, आर्चरीचे २, असे झाले ७. समोर गॉब्लिन, एसी (बाण लागायला गाठायचा आकडा) १५. फाशावर ८ किंवा जास्त पडलं की बाण लागला, म्हणजे ६५ टक्के. आर्चरी नसती तर ५५. पहिल्या लेव्हलला एवढा फायदा दुसरं काहीही देत नाही.

सामान

फायटरला सुरुवातीच्या सामानात लेदर आर्मर, लाँगबो आणि २० बाण असा पर्याय आहे. तोच उचला, जाड चिलखताच्या मोहात पडू नका. रेंजरलाही लाँगबो आणि २० बाण आयतेच मिळतात. म्हणजे पहिली सोन्याची नाणी धनुष्यावर खर्च करायची गरजच नाही. ती साठवून ४५ नाण्यांचं स्टडेड लेदर घ्या, एसी १५ होतो.

लाँगबो दीडशे फुटांपर्यंत नीट मारतो आणि सहाशेपर्यंत डिसअ‍ॅडव्हांटेजने. शॉर्टबोचे हेच आकडे ८० आणि ३२०. पण नकाशाचा एक चौकोन ५ फुटांचा, म्हणजे दीडशे फूट होतात ३० चौकोन. एवढा कागद बहुतेक टेबलांवर मावतच नाही. गुहेत, वाड्यात, दाट जंगलात शॉर्टबोचे १६ चौकोन भरपूर झाले. खरा फरक डॅमेजच्या (बाण लागल्यावर होणाऱ्या इजेच्या) फाशाचा: लाँगबोला आठ बाजूंचा, शॉर्टबोला सहा. सरासरी एक पॉइंट.

म्हणूनच कुणाला आपल्या सातपुड्यातला तिरंदाज खेळायचा असेल तर मी त्याला शॉर्टबोच देतो. भिल्ल-पावरा शिकाऱ्याचा बांबूचा कामठा, दोरीही बांबूच्याच चिपेची, झाडीतून दबकत जवळून मारायचं हत्यार. पार्श्वभूमी हवी असेल तर खाज्या नाईक आहेच. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती, तोच १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. राखणदाराचा बंडखोर का झाला, एवढ्या एका प्रश्नावर डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) वर्षभराचा मालमसाला मिळतो.

२० बाणांना एक सोन्याचं नाणं पडतं, म्हणून लोक मोजत नाहीत. मोजा. लढाई संपल्यावर एक मिनिट शोधलं की मारलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात.

आणि कमरेला रेपिअर (सडपातळ, टोकदार तलवार) हवीच. ती का, ते पुढे येतंय.

उभं कुठे राहायचं

बाकीचं चुकलं तर डीएम सांभाळून घेतो, इथे चुकलात तर फासे सांभाळत नाहीत.

आमच्याकडे हिवाळ्यात गच्चीवर भरिताची ताटं बाजूला सारली की चौकटीचा कागद पसरतो, आणि त्यावर बऱ्याचदा लळिंगचा किल्ला असतो. धुळ्याचे सगळेच तो चढून आलेले, त्यामुळे वर्णनात वेळ जात नाही. समजा तुमचा धनुर्धारी तटावर आहे, खाली गॉब्लिन, आणि मधल्या वाटेवर तुमचाच ढालवाला मित्र. लगेच कुणीतरी म्हणणार, "भो, मधे आपला माणूस आहे, त्याचे २ धर." बरोबर आहे. मधे कुणीही उभं असलं, मित्र असो की शत्रू, तरी समोरच्याला अर्धा आडोसा मिळतो आणि त्याचा एसी २ ने वाढतो. आर्चरीने कमावलेले २ तिथेच गेले! दोन चौकोन बाजूला सरका, रेष मोकळी होते. शत्रू सागाच्या जाड खोडामागे गेला तर त्याला ५ मिळतात. तिथे बाण वाया घालवण्यापेक्षा दुसरा गडी निवडा.

मित्राने शत्रूला आडवं पाडलं की तलवारवाले खूश होतात, पण तुमचं वाईट. पडलेल्यावर लांबून बाण मारायला डिसअ‍ॅडव्हांटेज. पाडापाडी तुमच्या पाळीनंतर व्हावी एवढं आधीच बोलून ठेवा.

आता रेपिअर. शत्रू ५ फुटांत आला की धनुष्याला डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो आणि ते ६५ टक्के ४२ वर येतात. रेपिअरला आर्चरी लागू नाही, तरी ५५ टक्के मिळतात, आणि डॅमेज तेवढंच. लाँगबोला दोन्ही हात फक्त बाण सोडताना लागतात. धनुष्य डाव्या हातात धरून उजव्याने रेपिअर उपसली तर त्यात पाळी जात नाही. नुसतं मागे पळालात तर जाता जाता एक वार खावा लागतो.

लेव्हल चढताना

दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, तिसऱ्या ९००, चौथ्या २७००, पाचव्या ६५००. तिसऱ्या लेव्हलला उपशाखा निवडायची. फायटरला बॅटल मास्टर, रेंजरला हंटर, दोन्ही धनुष्याला धरून आहेत. रेंजरकडे हंटर्स मार्क हे मंत्रास्त्रही असतं. खूण केलेल्यावर बाण लागला की दर वेळी सहाचा एक फासा जास्त.

चौथ्या लेव्हलला सगळे शार्पशूटर या खास कौशल्यावर उडी मारतात. त्याने लांब पल्ल्याचा डिसअ‍ॅडव्हांटेज जातो, आडोशाचे २ आणि ५ दोन्ही जातात, आणि हल्ल्यातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० वाढवता येतात. घ्याच, पण हे शेवटचं कलम दर बाणाला वापरू नका. ओगरचा एसी ११ आणि हिट पॉइंट (किती मार झेलतो तो आकडा) ५९. चुकलेले बाण धरून साध्या बाणाने सरासरी साडेसहाच्या आत डॅमेज बसतं, वजाबाकी करून साडेदहा. तिथे जरूर मारा. गॉब्लिनला हिट पॉइंटच ७. त्याच्यावर सतरा-अठराचा बाण टाकून काय मिळवलं? उलट नेम ६५ वरून ४० टक्क्यांवर आला. एसी २० च्या पुढे तर साधाच बाण परवडतो. २०२४ च्या नियमांत हे उणे ५, अधिक १० काढून टाकलंय. त्याऐवजी शत्रू अंगाशी आला तरी डिसअ‍ॅडव्हांटेज लागत नाही.

पाचव्या लेव्हलला एका पाळीत दोन बाण. फायटरला अकराव्या लेव्हलला तिसरा.

जादूचं धनुष्य मिळेल तेव्हा मिळेल. ब्रेसर्स ऑफ आर्चरी (जादूच्या मनगटपट्ट्या) सापडल्या तर सोडू नका, दर बाणाला २ डॅमेज जास्त. तोवर १०० नाणी बाजूला ठेवून १० बाणांना चांदी चढवून घ्या, कारण वेअरवूल्फला (लांडगा होणाऱ्या माणसाला) साधा बाण बोचतसुद्धा नाही. ते दहा बाण कागदावर वेगळे लिहा, आणि चांदीचा बाण काढला हे फासा टाकायच्या आधी मोठ्याने सांगा. नंतर सांगितलेलं कुठलाही डीएम ऐकून घेत नाही.