पोराला पोलीस ठाण्यात नेलं तर काय करायचं, आणि मराठी दुभाषी कसा मागायचा

आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर भागात घरात मराठी, शाळेत मराठी आणि ठाण्यातला कागद मात्र कन्नडमधे. शेजारच्या पोराला मोबाईल चोरीच्या संशयावरून नेलं, बाप घाबरून सही करून आला, आणि घरी मामाने कागद वाचला तर वय १९ लिहिलेलं, पोरगं १५ चं! त्यामुळे समजल्याशिवाय सही करू नका, हात जोडून सांगतो.

पहिलं काम वयाचा पुरावा. शाळेचा जन्मतारखेचा दाखला नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट घेऊन पळा, ते नसेल तर नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, यातलं काहीच नसेल तरच हाडांची टेस्ट. १८ च्या खालचं असेल तर २०१५ च्या जेजे म्हणजे बाल न्याय कायद्याने लॉकअप नाही, बेड्या नाहीत, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावंच लागतं. साध्या चोरीला तर एफआयआरसुद्धा नको, स्टेशन डायरीत नोंद पुरते, हे शांतपणे पण ठामपणे बोला. वकिलाला पैसे नसले तर १५१०० ला, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाला फोन लावा, मुलांना त्यांचा वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो.

आता ज्या लेकरावर अत्याचार झालाय त्याचं. १०९८ ला फोन करा किंवा थेट पोलिसात जा, पण पोक्सोमधे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, पोरीला ठाण्यात बसवून ठेवायची गरजच नाही, जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला पीएसआयने, साध्या कपड्यात, आईबापासमोर. रात्री तर ठाण्यात ठेवायचंच नाही. आणि लिहितायत ती भाषा तिला कळत नसेल तर दुभाषी द्यावाच लागतो, कलम १९ मधे तसं लिहिलंय. दुखलं कुठे, कोणी काय केलं हे दहा वर्षांची पोर आईच्या भाषेतच सांगणार ना, मग मधे बसलेला माणूस अर्धवट मराठीवाला असला तर तिचं वाक्यच बदलतं.

म्हणून बेळगाव, निपाणी, खानापूरच्या लोकांनी एक काम आत्ताच करायला पाहिजे. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण घटकाने दुभाषांचं रजिस्टर ठेवायचं असतं. त्यात मराठी-कन्नड दोन्ही येणारी किती नावं आहेत ते लेखी विचारा. दोन्ही भाषा पक्क्या असलेले रिटायर्ड गुरुजी, बाई प्रत्येक गावात आहेत, त्यांची नावं अर्जासोबत द्या आणि पोच घेऊन या.