बोटीचा एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी या चुका टाळा

मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे समुद्रातच बांधून उभ्या असलेल्या यॉट, त्यावर दमट केबिन आणि घामाघूम झालेले पाहुणे, आणि मग आपल्याला, म्हणजे एसीवाल्याला, फोन. फोनवरचं वाक्य ठरलेलं असतं, "अरे एसी गारच करत नाहीये, गॅस संपला वाटतं, येताना सिलेंडर घेऊन ये." सिलेंडर घेऊन डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, जायचं, चढायचं, आणि बहुतेक वेळा तो तसाच परत आणायचा. कारण बोटीवरचा एसी बिघडतो तो आधी पाण्यामुळे, मग हवेमुळे, मग करंटमुळे, आणि गॅसचा नंबर लागतो सगळ्यात शेवटी. लोक मात्र उलट्या टोकापासून सुरुवात करतात.

घरच्या स्प्लिटचं आऊटडोअर युनिट उष्णता हवेत फेकतं. यॉटवरचा एसी ती समुद्रात फेकतो. हलच्या (बोटीच्या धडाच्या) तळाला एक भोक, त्यावर सी-कॉक (पाणी बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह), पुढे स्ट्रेनर (कचरा अडवणारी गाळणी), मग पंप, पंपातून पाणी बंकखाली (झोपायच्या फळीखाली) बसवलेल्या युनिटच्या कंडेन्सरमधून, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या नळीतून, फिरून बाजूने परत समुद्रात. हे पाणी कमी पडलं की गॅसचं प्रेशर वाढतं, हाय-प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि काही डिस्प्लेवर एचपीएफ (हाय प्रेशर फॉल्ट) अशी अक्षरं येतात. थोड्या वेळाने परत चालू, परत बंद. म्हणजे एसी पाच-दहा मिनिटं छान गार हवा देऊन मग गप्प बसत असेल तर ती पाण्याची बोंब आहे. गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसर सहसा बिचारा न थांबता चालतच राहतो आणि तरी गार होत नाही. एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धं काम झालं, आणि आधीच प्रेशर वाढलेल्या सिस्टीममध्ये वर अजून गॅस कोंबला तर काय होणार ते वेगळं सांगायला नको.

म्हणून आल्या आल्या पॅनल उघडू नका, आधी डेकवरून वाकून पाणी कुठून पडतंय आणि किती पडतंय ते बघा. नुसतं "पडतंय ना" म्हणून भागत नाही. एका टनाला, म्हणजे 12,000 बीटीयूला, मिनिटाला साधारण 10-11 लिटर पाणी लागतं. डिंगी बाजूला लावायची, 10 लिटरची बादली धरायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. एक टनाच्या युनिटला बादली भरायला दोन मिनिटं लागली तर पुढचं काही बघायची गरजच नाही, पाणी कुठे अडलंय ते शोधा.

इथे पुढची चूक होते, स्ट्रेनर साफ केला म्हणजे संपलं असं वाटणं. स्ट्रेनर साफ करायचाच, आणि मुंबईच्या पाण्यात तर ओहोटीला गाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, गुटख्याची पाकिटं काय काय सापडतं (एकदा अख्खं देवाचं निर्माल्य निघालं होतं, हात जोडले आणि परत समुद्रात न टाकता पिशवीत भरलं). पण खरा अडथळा बऱ्याचदा त्याच्याही आधी असतो, हलच्या भोकात आणि बाहेरच्या जाळीवर चिकटलेल्या बार्नॅकलमध्ये, म्हणजे दगडासारख्या कडक कवचाच्या समुद्री जीवांमध्ये. पावसाळ्यात बोट वर काढून ठेवलेली असते, पाईपात राहिलेली शेवाळं-शिंपल्या वाळून कडक होतात, नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरते आणि ऑक्टोबर हीटमध्ये पहिल्यांदा एसी लावला की तेच तुकडे सुटून पंपात जाऊन अडकतात. पंपाची मोटर गुणगुणते, पाणी मात्र नाही. तपासायचं असं, सी-कॉक बंद, होस काढा, लाकडी बूच हाताशी ठेवा आणि सी-कॉक क्षणभर उघडून बघा. जाड कारंजं उडालं तर आत येणारी वाट मोकळी. बारीक पिचकारी आली तर पाणबुड्याला बोलवा. आणि स्ट्रेनर उघडताना आधी सी-कॉक बंद करायचा हे लिहायची खरंतर गरज नसावी, पण बिल्जमध्ये (बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत) घोट्यापर्यंत पाणी झालेलं मी स्वतः बघितलंय म्हणून लिहितोय.

आता स्ट्रेनर साफ केल्यानंतरची गंमत. आधी थोडं तरी पाणी येत होतं, साफ केल्यावर तेही बंद! एसीचे पंप बहुतेक सेंट्रिफ्यूगल (चाक फिरवून पाणी ढकलणारे) असतात, ते हवा ओढून पाणी वर खेचू शकत नाहीत, म्हणून ते पाण्याच्या पातळीखाली बसवतात आणि पाईप पंपापासून युनिटपर्यंत चढताच ठेवतात. मधे कुठे वर-खाली वळसा पडला की तिथे हवा अडकते. एका बोटीवर कुणीतरी "नीट दिसावं म्हणून" होस फ्रेमवरून वर नेऊन परत खाली आणला होता, दिसायला एकदम भारी, पण दर वेळी एअरलॉक, म्हणजे अडकलेल्या हवेने पाणी बंद. उपाय सोपा आहे, स्ट्रेनरचं झाकण लावायच्या आधी तो काठोकाठ पाण्याने भरा, रबर रिंगला ग्रीस लावा, सी-कॉक उघडा, पंप बंद ठेवून पंपाच्या पुढच्या होसचा क्लिप सैल करा आणि हवा निघून पाणी यायला लागलं की आवळा. पारदर्शक झाकणात सारखे बुडबुडे दिसत असतील तर कुठूनतरी हवा शिरतेय. शिडाच्या बोटीचं अजून एक लफडं, बोट एका बाजूला कलली की तळातलं भोक पाण्याबाहेर येतं आणि पंप हवा खातो. सेलिंग करताना एसी चालवूच नये.

पाणी भरपूर आहे आणि तरी हाय प्रेशर येतंय? मग कंडेन्सरच्या आत क्षार बसलाय. त्याला डिस्केल करतात, बादलीत सौम्य ॲसिडचं द्रावण, सायट्रिक किंवा डिस्केलिंगचं तयार लिक्विड, छोट्या पंपाने युनिटमधून तासभर फिरवायचं आणि नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचं. इथे घाई करणारे संडास साफ करायचं ॲसिड थेट तसंच ओततात. कंडेन्सरची नळी तांबं-निकेलची असते, ती असल्या प्रयोगाने पातळ होते आणि एक दिवस समुद्राचं पाणी गॅसच्या लाईनमध्ये. मग युनिटच नवीन. आणि बंद जागेत ॲसिडमध्ये ब्लीच कधीच मिसळू नका, क्लोरीन निघतो, खोकायलाही वेळ मिळत नाही.

हवेची बाजू. इथे चुका बिघाडाच्या कमी आणि सामान ठेवण्याच्या जास्त. युनिट ज्या लॉकरमध्ये आहे त्याची जाळी म्हणजे एसीचं नाक, आणि तिच्यासमोर लाईफ जॅकेट, पाहुण्यांच्या बॅगा, थर्मोकोलचा बर्फाचा डबा, सगळं. फिल्टर तर कित्येक मालकांना माहीतच नसतो की आहे. महिन्यातून एकदा काढून धुवा, बस. डक्ट चेपलेली किंवा जास्तीची लांबी गुंडाळून कोंबलेली असेल तर ती ओढून ताणा, जास्तीची कापा. गार हवेची जाळी परत-हवेच्या (हवा आत ओढणाऱ्या) जाळीवर रोखलेली असेल तर एसी स्वतःचीच गार हवा स्वतः खातो, थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, आणि बाकी केबिनमध्ये तुम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसता.

मोजून बघायचं असेल तर साधा थर्मामीटर पुरतो. पंधरा मिनिटं चालू दे, मग आत जाणारी हवा आणि बाहेर येणारी हवा यात 8 ते 11 अंशांचा फरक दिसला की मशीन ठीक आहे, मग प्रॉब्लेम केबिनचा आहे. दारं उघडी ठेवून 16 वर सेट करणं हा लाडका प्रकार. मुंबईची दमट हवा आत येत राहते, कॉइलवर बर्फ जमतो, हवा अजून कमी होते, आणि माणूस अजून एक अंश खाली करतो. तसं झालं तर कूलिंग बंद करून नुसता फॅन चालवा, बर्फ वितळू दे, मग दार लावून 23-24 वर ठेवा.

कधी कधी मात्र युनिटच छोटं असतं. ढोबळ हिशोब असा की डेकखालच्या केबिनला चौरस फुटाला 60 बीटीयू, मधल्या भागाला 90 आणि काचांनी भरलेल्या वरच्या सलूनला 120. म्हणजे 100 चौरस फुटांच्या सलूनला एक टन, आणि तेवढ्याच खालच्या केबिनला अर्धा. मे महिन्यात दुपारी दोनला पडदे उघडे ठेवून चढायचं आणि दहा मिनिटांत गार हवं, हे नाही होणार. समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या मांडव्याला जायचं असेल तर क्रूला सांगून सकाळीच एसी लावून ठेवा.

करंटचं थोडक्यात. मूरिंगवर जनरेटर चालतो, त्यावर एसी, गीझर, इलेक्ट्रिक शेगडी एकदम लावलं की व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्रेसर घुरघुरतो पण उचलत नाही. एसी बंद केला की परत चालू करायला तीन-चार मिनिटं थांबा. अमेरिकेतून आलेली सेकंडहँड बोट असेल तर पंपावरची पाटी वाचा, नुसता 60 हर्ट्झचा पंप आपल्या 50 हर्ट्झवर सहाव्या हिश्शाने हळू फिरतो, पाणीही तेवढं कमी.

हाऊसबोटवाले बरेचदा घरचाच स्प्लिट लावतात, त्यात काही वाईट नाही, पण आऊटडोअर युनिट दिसायला नको म्हणून लाकडी कपाटात बंद करतात! ते स्वतःच्याच गरम हवेत गुदमरतं. चारही बाजूंनी हवा खेळू द्या.

एक गोष्ट गार होण्याशी संबंधित नाही, तरी सांगतो. एसीच्या ट्रेमधलं पाणी बाहेर सोडणारी नळी इंजिन किंवा जनरेटरच्या एक्झॉस्टजवळ काढू नका, आणि इंजिन रूमच्या बिल्जमध्येही सोडू नका. त्या नळीतून कार्बन मोनॉक्साईड उलटा झोपायच्या केबिनमध्ये येऊ शकतो. वास येत नाही त्याला. अलार्म लावून घ्या.

एवढं सगळं बघून झालं, पाणी ठीक, फिल्टर स्वच्छ, व्होल्टेज बरोबर, कॉम्प्रेसर न थांबता चालतोय, त्याचा करंट युनिटच्या पाटीवरच्यापेक्षा बराच कमी आहे आणि कुठल्यातरी जॉईंटवर तेलकट डाग दिसतोय, तर हो, मग गॅस. पण तेव्हाही "थोडा टॉप-अप मार" म्हणू नका. सीलबंद सिस्टीममधून गॅस आपोआप संपत नाही, गेला म्हणजे कुठूनतरी गेला. आधी लीक शोधा, ब्रेझिंग करा (म्हणजे डाग देऊन जोड बुजवा), व्हॅक्यूम काढा आणि पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच, काट्यावर मोजून भरा. त्या दिवशी मात्र सिलेंडर घेऊन नक्की येतो.